शिवण दिसतीय

भयपट बघावेत तर ऐंशीच्या दशकातले, हे माझ्या वयाचे सगळेच सोलापूरकर छाती ठोकून सांगतात. परवा पार्क चौपाटीवर परत तोच विषय निघाला. पावभाजी गार झाली तरी एका मित्राचं 'पुराना मंदिर' पुराण संपेना. मी म्हटलं, दशक बरोबर धरलंस बे, सिनेमे चुकीचे धरलेस. तो जाम भडकला. तिथं बोलू दिलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

'पुराना मंदिर' रामसे बंधूंचा, १९८४ चा. मी तेव्हा आठवीत. सिनेमा 'ए' सर्टिफिकेटवाला, पण सोबत वडील होते म्हणून डोअरकीपरनं काणाडोळा केला. वडील पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे. त्यातला राक्षस सामरी पडद्यावर आला तेव्हा शिट्ट्या मारणारं पब्लिकसुद्धा चिडीचूप झालं होतं, हे मान्य. पण पुढं रामसेंचाच दुसरा एक सिनेमा बघत होतो. राक्षस ऐन भरात आलेला, मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलेलो, आणि वडील कानाशी येऊन म्हणाले, "मानेपाशी बघ. शिवण दिसतीय." जन्मभर कापडातला फॉल्ट हुडकणारा माणूस, त्यांना रबराची कड दिसणार नाही तर काय! त्यानंतर मला राक्षस दिसलाच नाही. तो मान कधी वळवतो आणि ती कड कधी दिसते, एवढंच बघत बसलो.

सामरी मात्र आजही चालतो. कारण तिथं अनिरुद्ध अग्रवाल यांची उंची आणि चेहराच अर्धं काम करतो, रबरावर फार भिस्त नाही.

रामसेंना नावं ठेवायची नाहीत मला. सात भाऊ. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला, कुमार लिहायला. आमच्या पूर्वभागात घरात माग असला की कुणी कांड्या भरतंय, कुणी सांधणी करतंय, तसाच हा कारखाना. १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' तर माणसं महाबळेश्वरला नेऊन उरकला त्यांनी. कमी पैशात, घरच्या माणसांत धंदा कसा करावा ते त्यांच्याकडून शिकावं. पण आपला प्रश्न धंद्याचा नाही, भीतीचा आहे. त्यांच्या सिनेमात भीती दहा मिनिटं. बाकी वेळ गाणी, जगदीपची कॉमेडी आणि उगाचच्या आंघोळी.

मराठीचं तर त्या दशकात विचारूच नका. 'हा खेळ सावल्यांचा' १९७६ चा, 'झपाटलेला' १९९३ चा. मधल्या काळात आपण विनोदी सिनेमांत रमलेलो. १९८२ ला 'एक डाव भुताचा' आला, त्यात भूत आहे, पण ते हसवायला.

आणि त्याच १९८२ मध्ये तिकडं जॉन कारपेंटरचा 'द थिंग' आला. अंटार्क्टिकावर अडकलेली बारा माणसं, आणि त्यांच्यातलाच कुणीतरी माणूस नाही. डॉक्टर एकाच्या छातीला शॉक द्यायला जातो, तर छातीच जबड्यासारखी उघडते आणि त्याचे दोन्ही हात तोडते. हे सगळं रबर, जेली, रंग आणि हातचलाखी. काँप्युटर नाही. करणारा रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम बाविशीचा पोरगा. आदल्याच वर्षी 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये रिक बेकरनं भर उजेडात माणसाचा लांडगा केला आणि मेकअपचं ऑस्कर नेलं. मग १९८६ ला माणसाची माशी होत जाणारा 'द फ्लाय'. सत्तरच्या दशकाचे वकील 'द एक्झॉर्सिस्ट' घेऊन धावतील. धावा. तो मोठाच सिनेमा आहे. पण एकट्याच्या जिवावर दशक जिंकता येत नाही, आणि हातानं काम करणाऱ्यांची अशी फळी परत जमली नाही.

गंमत म्हणजे तेव्हा हे कुणाला कळलं नव्हतं. 'द थिंग' पडला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई.टी.' लागलेला, लोकांना गोड एलियन आवडला. समीक्षकांनी तर सोलून काढलं. आपल्याकडं 'तुंबाड'चं तेच झालं. २०१८ ला बेताचाच चालला, आणि २०२४ ला परत लावल्यावर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला केला. म्हणून मला वाटतं, आपलं भयपटांचं भारी दशक ऐंशीचं नव्हेच, ते कदाचित आत्ता चालू असेल. आम्ही मात्र सामरीच्या नावानं उसासे टाकत बसलोय.

मित्राशी वाद झाला त्याच रात्री मुलीला 'द थिंग' दाखवायला बसलो. वडील आता ऐंशीला टेकलेत. झोपायला निघालेले, ते खुर्ची ओढून तिथंच बसले. सबटायटल त्यांना वाचवत नाहीत. मुलीच्या हातातला मोबाईल पहिल्या अर्ध्या तासात खाली गेला. छाती उघडली तेव्हा ती ओरडली. वडील ओरडले नाहीत. चष्मा वर करून टीव्हीच्या अगदी जवळ गेले, आणि मला म्हणाले, "थांब. मागं घे जरा. शिवण कुठं घातलीय बे ह्यानं?"

तीनदा मागं घेतलं.