माणसं सांभाळण्याचं खातं

'तुला माणसं छान हाताळता येतात,' असं ऑफिसात कुणी बाईला म्हणालं की समजावं, आता गळ्यात काहीतरी पडणार. नवीन मुलगी वॉशरूममध्ये रडतेय, जरा बघ. क्लायंट भडकलाय, तूच बोल. निरोप समारंभाची वर्गणी, मीटिंगचे मिनिट्स. दोन सीनियर एकमेकांशी बोलत नाहीत, तर हिने मधे बसून दोघांच्या मेल्स गोड करून इकडून तिकडे पाठवायच्या. 'त्याला सांग हे चालणार नाही'चं 'सरांना वाटतं आणखी एकदा बघूया' करायला डोकं लागतं हो! अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मात्र यासाठी रकाना नाही.

समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' (पगारी कामाचा भाग म्हणून भावना दाबायच्या किंवा दाखवायच्या) ही कल्पना मांडली, ती एअर होस्टेस आणि थकबाकी वसूल करणारे यांच्या अभ्यासातून. एकीने प्रवासी कितीही उर्मट असला तरी हसायचं, दुसऱ्याने दया आली तरी आवाज चढवायचा. म्हणजे अमुकच भावना दाखवायचा साचा पुरुषांनाही आहेच. पण त्या दोघांना निदान त्याचा पगार तरी होता.

'बायकांना उपजतच जमतं' म्हणणाऱ्यांसाठी अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांचा २०१७चा प्रयोग. तिघांचा गट. दोन मिनिटांत कुणीतरी एकाने बटण दाबायचं, म्हणजे कुणालाच नको असलेलं काम अंगावर घ्यायचं. दाबणाऱ्याला इतर दोघांपेक्षा कमी पैसे, कुणीच नाही दाबलं तर सगळ्यांचंच नुकसान. मिश्र गटांत बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढे आल्या. आणि गटात नुसते पुरुष असले की? कुणीतरी पुरुष निमूट बटण दाबतोच! नुसत्या बायकांच्या गटांत जेवढ्या वेळा दाबलं जातं, जवळजवळ तेवढ्याच वेळा. उपजत वगैरे काही नाही, बाई समोर दिसली की बाकीचे हात बांधून बसतात.

'मग नाही म्हणा ना' हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. हाइलमन आणि चेन यांच्या २००५च्या अभ्यासात मदत करणाऱ्या पुरुषाचं मूल्यमापन वर गेलं, बाईचं होतं तिथेच राहिलं. मदत नाकारली तेव्हा बाईचं घसरलं, पुरुषाला काहीच फरक पडला नाही. तिच्या नकाराची किंमत तिलाच मोजावी लागते.

त्यापेक्षा सरळ पाळ्या लावा, नावांच्या क्रमाने. सुचवलं की हमखास ऐकू येतं, 'एवढ्याशा कामासाठी नियम कशाला?' एवढंसंच असेल तर पुढचे मिनिट्स तुम्ही घ्या की.