दोन स्टार दिलेल्या ग्राहकांना उत्तर: खाली ‘नुसती उभी’ असलेली माणसं

नमस्कार.

आपण आमच्या झाडछाटणीच्या कामाला दोन स्टार दिलेत आणि कारणंही सविस्तर लिहिलीत. पहिल्या दिवशी माणसं आली आणि वाऱ्याचं कारण सांगून फांदीला हात न लावता परत गेली. पुढच्या खेपेला एक जण वर होता आणि तिघे खाली नुसते उभे होते. माणसाला झाडाच्या उंचीपर्यंत उचलणाऱ्या लिफ्टचे पैसे उगाच लावले. शेंडा अर्ध्यावर आणायला सांगितला तो आणला नाही, कापलेल्या जागी रंग लावला नाही, आणि वर खुंट काढणं, माती सैल करणं अशी जास्तीची कामं गळ्यात मारायला बघितली. सुट्टीचा दिवस वाया गेल्याचा राग समजण्यासारखा आहे. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र माझं मत वेगळं आहे आणि ते इथेच मांडतो. आम्हाला बोलवायचा विचार करणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

आधी वाऱ्याचं. आपण ‘साधी झुळूक’ लिहिलंय. जमिनीवर ती झुळूकच होती. शेंड्याकडची फांदी मात्र हातभर इकडून तिकडे जात होती. अशा फांदीत चेनसॉ (यांत्रिक करवत) घातला की काप मधेच मिटतो आणि करवतीची पट्टी अडकते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत उसळून थेट तोंडावर येते, आणि तेव्हा हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. काम सुरू करायचं की नाही, हे वर जाणारा ठरवतो. तो नको म्हणाला की मीही आग्रह करत नाही, ग्राहकांनी करून उपयोग नाही.

त्याच दिवशी बुंध्यापाशी, जमिनीलगत, पंख्यासारखी कडक तपकिरी बुरशी दिसली. आमच्या माणसाने लाकडी हातोड्याने ठोकत बुंध्याभोवती फेरी मारली. तीन बाजूंनी टणक आवाज आला, बुरशीच्या बाजूला पोकळ. वर चढणारा ज्या झाडाला दोर बांधतो त्याच झाडावर त्याचा जीव टांगलेला असतो. आतून किती कुजलंय याची खात्री नसलेल्या झाडावर मी माणूस चढवत नाही. म्हणून लिफ्ट आणली.

आता ते ‘नुसते उभे’ असलेले तिघे. खरं तर आमच्या बिलात सगळ्यात मोलाचा भाग तोच. दीड फूट जाडीचा आणि तीनेक फूट लांबीचा ओला ओंडका दीडशे किलोच्या घरात जातो. कापलेला तुकडा दोराने खाली सोडताना तो थोडा जरी मोकळा पडला तरी झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो. बुंध्याला बसवलेल्या ड्रमवर दोराचे वेढे घेऊन उभा असलेला माणूस तो ओंडका एकदम रोखत नाही. थोडा पळू देतो आणि मग हळूहळू आवळतो. हे अंदाजाचं काम आहे, हाताला कळायला वर्षं लागतात. दुसऱ्याची नजर घराकडे जाणाऱ्या विजेच्या तारेवर होती. ओली फांदी वीज वाहून नेते, म्हणून माणूस, अवजार, फांदी आणि लिफ्ट यांपैकी काहीही तारेच्या तीन मीटरच्या आत जाऊ द्यायचं नाही, आणि ज्याचे दोन्ही हात करवतीवर आहेत त्याच्याकडून हे अंतर राखलं जाईल असं धरून चालत नाही. तिसऱ्याने दोरीच्या कुंपणापाशी ये-जा थांबवली. वरचा माणूस जखमी झाला तर त्याला खाली आणायचं प्रशिक्षणही त्याचंच आहे. हार्नेसमध्ये (अंगाला बांधलेल्या सुरक्षापट्ट्यांत) बेशुद्ध लटकलेल्या माणसाच्या हाती फार मिनिटं नसतात, बाहेरून मदत येईपर्यंत थांबता येत नाही. दिवसभर त्याची गरज पडली नाही. ठीकच झालं.

शेंडा अर्ध्यावर न आणण्याचं कारण सोपं आहे. मधेच तोडलेल्या जाड फांदीला तो काप बंद करता येत नाही, कुज तिथून खाली उतरते. काठाने झुबक्याने फुटवे येतात. ते वरच्या थरातूनच फुटलेले असल्यामुळे त्यांची पकड कच्ची असते आणि जाड झाले की वादळात तेच आधी मोडतात. काही वर्षांत उंची तितकीच, धोका जास्त. आम्ही लांब फांद्या त्यांच्याच पुरेशा जाड उपफांदीपर्यंत मागे घेतल्या आणि हिरवा पाला एका हंगामात पाव हिश्शाच्या वर काढला नाही. फोटोत फरक कमी दिसतो, मान्य. पण वाऱ्याचा भार कमी होतो आणि झाडाला अन्न करायला पानं उरतात.

रंगाबद्दल: अमेरिकी वनखात्याचे संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून तपासली. झाड कुजक्या भागाभोवती स्वतः भिंती उभ्या करतं, रंगाने कुज थांबत नाही. ताज्या कापावर येणाऱ्या किड्यांमुळे काही विशिष्ट रोग पसरतात तिथे अपवाद, एरवी नाही. महत्त्व आहे ते कापाच्या जागेला. फांदीच्या बुडाशी जो फुगीर गोट असतो तो शाबूत ठेवून त्याच्या बाहेर काप घ्यावा लागतो. आपल्या फोटोत तो गोट स्पष्ट दिसतोय, बघा.

राहिली जास्तीची कामं. खुंट दळण्याचं मशीन आम्ही अलीकडे घेतलं, पण माणूस शिकून तयार झाल्यावर आणि विम्यात त्या कामाची नोंद झाल्यावर. जमिनीखालून गेलेली केबल किंवा पाइप आधी शोधल्याशिवाय ते चालू होत नाही, कारण ते दगडही गोळीसारखे फेकतं. माती सैल करण्याचा सल्ला दिला तो झाडाखाली रोज गाड्या उभ्या राहतात म्हणून. बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि दाबलेल्या मातीत त्यांना हवा मिळत नाही. दोन्ही कामं कोटेशनमध्ये ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळी लिहिली होती, आणि आपण नको म्हटल्यावर विषय तिथेच संपला. उलट औषध फवारणी करता का, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नफाही त्यात बरा आहे. रीतसर शिकलेला माणूस हाताशी नाही तोवर ते काम घेणार नाही. धंदा वाढवायची घाई मलाही आहे, पण न जमणारं काम अंगावर घेऊन नाही.

आपण ज्यांच्या स्वस्त दराचा उल्लेख केलात ते कमरेला दोर बांधून कुऱ्हाडीने काम करतात, असं आपणच लिहिलंय. त्यांच्याकडे विम्याचा कागद मागून बघा. त्यांचा माणूस पडला तर बोट जागेच्या मालकाकडेही वळू शकतं.

फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. आम्ही ठेवलेला लाकडाचा चुरा कोणीतरी बुंध्याला टेकवून ढिगाने रचलाय. तो सालीपासून वीतभर मागे ओढा आणि दोन-तीन इंचांच्या थरात पसरा, नाहीतर साल ओली राहून कुजेल. बुरशीच्या बाजूची पोकळी पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायला हवी. आमच्याकडून नको असेल तर दुसऱ्या जाणकाराकडून करून घ्या, पण करून घ्या.