पैसे मोजून घेतलेलं ई-बुक दुसऱ्याला देता येत नाही, मग मी घेतलं काय?

लांब लिहिणार आहे, आधीच सांगतो. आज डोकं फिरलंय.

धारची एक मुलगी इथे इंदूरला फ्लाइंग शिकतेय. वडील ट्रॅक्टर मेकॅनिक आहेत, कर्ज काढून पोरीला शिकवतायत. डीजीसीए म्हणजे सरकारी विमान खातं, त्यांच्या एअर नॅव्हिगेशनच्या, म्हणजे आकाशात वाट काढायच्या पेपरात अडकलीये बिचारी. परवा तिचा फोन आला, काका, तुमच्याकडे नॅव्हिगेशनचं ते मोठं पुस्तक आहे ना, तुमच्या टिपांसकट चार दिवस द्याल का? म्हटलं अगं चार दिवस कशाला, परीक्षा होईपर्यंत ठेव. आज दुपारी दुकानात जरा निवांत होतो म्हणून टॅब काढला, तर अ‍ॅप म्हणतं ही सेवा बंद झाली आहे, आपण घेतलेली पुस्तकं आता उपलब्ध नाहीत. संपलं. मेल केला तर उत्तर आलं की तुम्ही पुस्तक विकत घेतलंच नव्हतं, वाचायचा परवाना घेतला होता, अटी वाचा. आणि हेही कळलं की सेवा चालू असती तरी ते दुसऱ्याला देण्याची सोय मुळातच नव्हती.

पुस्तक गेलं, ठीक आहे, पैसे गेले. पण माझ्या टिपा? पानापानावर मी लिहिलेल्या, मालव्याच्या हिशोबाने लिहिलेल्या, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला सेसना १५२ या छोट्या विमानाची एकशेदहा घोड्यांची ताकद कुठे कमी पडते, आपलं विमानतळच साधारण १८५० फुटांवर आहे तर टेकऑफला किती जास्तीची धावपट्टी लागते, महूच्या पुढे विंध्याची कड संपून खाली निमाड लागतो तिथे दुपारी हवा कशी आपटते, हे सगळं माझं. कॉपीराइटचाच मुद्दा काढायचा तर त्या टिपांचा कॉपीराइट माझा आहे ना? मग तो कोण सांभाळणार? माझं लिहिलेलं माझ्यापासूनच कुलपात ठेवायचा हक्क यांना कुणी दिला?

ज्यांना वाटतं छोटं विमान उडवणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले, त्यांच्याशी मी आज भांडणार नाही. तासाला हजारो रुपये लागतात हे खरंच आहे. पण माझं दवा बाजारात दुकान आहे, कारखाना नाही. चाळिशी उलटल्यावर पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचं लायसन्स काढलं, त्याला किमान चाळीस तासांचं उड्डाण लागतं, ते तास मी दोन पावसाळे मध्ये घालवून, पैसे साठवून साठवून पूर्ण केले. गाडी बदलली नाही, घराला रंग दिला नाही. बायकोने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, हे इथे जाहीर लिहून ठेवतो. सकाळी बिजासनच्या टेकडीशेजारून वर जाताना मागे शहर, खाली सोयाबीनची हिरवी पोतं पसरल्यासारखी शेतं आणि समोर यशवंत सागर. आपण या मातीत जन्मलो आणि ती अशी दिसते हे मला इतक्या उशिरा कळलं याचं वाईट वाटतं. प्रत्येक कॉलेजच्या पोराने एकदा तरी हे बघावं. रतलाम, नीमच, खंडवा, उज्जैन, हवापट्ट्या आहेत आपल्याकडे, आणि बहुतेक दिवस त्यांच्यावर कुणी उतरत नाही.

तर आमच्या सरांची वही. जुन्या मित्रांनी हे ऐकलंय, तरी परत सांगतो, कारण आज सारखी तीच आठवतेय.

सर मूळचे ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागातल्या मराठी घरातले, आयुष्यभर पोरांना उडायला शिकवलं. त्यांच्याकडे एक लाल कापडी बांधणीची वही होती, जमाखर्चाची असते तसली. त्यात हवापट्ट्यांची माहिती. लांबी, दिशा, विजेच्या तारा कुठल्या बाजूला, गुरं कुठून घुसतात, फाटकाची किल्ली कुणाकडे, पावसानंतर काळी माती किती दिवस विमान धरून ठेवते. सरांचा नियम असा की प्रत्येक विद्यार्थ्याने ती अख्खी वही हाताने उतरवून घ्यायची, झेरॉक्स चालणार नाही. आणि स्वतः काही नवीन बघितलं तर मूळ वहीत लिहून जायचं. म्हणजे त्यात कितीतरी जणांची अक्षरं. पावसाळ्यात उड्डाणं बंद असायची तेव्हा मी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून उतरवली. काकू चहा आणून द्यायच्या आणि सर नुसते बघत बसायचे, मध्येच म्हणायचे, ते परत वाच.

मग मे महिन्यातलं माझं रतलामचं सोलो क्रॉस कंट्री, म्हणजे एकट्याने दुसऱ्या गावापर्यंत उडत जायचं. निघताना बरं होतं, अर्ध्यात धूळ चढली. समोरचं धूसर, खाली सगळं एकाच रंगाचं, नकाशावरची नदी खाली सापडेना. आणि मला वहीतली ओळ आठवली, सरांच्या नाही, कुणा दुसऱ्याच्या बारीक अक्षरातली: उन्हाळ्यात नदी शोधू नका, कोरडी असते, वरून दिसत नाही, रेल्वे शोधा, फतेहाबादला फाटा फुटतो, उजवा उज्जैनला जातो, डावा बडनगरवरून रतलामला. मी उंची धरून ठेवली, रूळ शोधले, डावा फाटा धरला, पोचलो. उतरल्यावर हात थरथरत होते. ती ओळ कुणी लिहिली मला आजतागायत माहीत नाही. सरांनाही आठवेना. ज्याने लिहिली त्याने माझ्याकडून एक पैसा घेतला नाही, मला ओळखतही नव्हता.

आता मला सांगा, ती वही जर अ‍ॅप असती तर? माझ्या आधीच्या पोराचं सबस्क्रिप्शन संपलं की त्याची ओळही गेली असती ना!

आणि हे काही आमच्या इंदूरचंच नाही. एलरे जेप्पेसन नावाचा अमेरिकन वैमानिक होता, टपालाची विमानं उडवायचा. तेव्हा वैमानिक मोटारीचे रस्त्यांचे नकाशे बघून उडायचे आणि धडाधड मरायचे. याने दहा सेंटची एक काळी वही घेतली, त्यात मैदानांची लांबी, अडथळे, उतार, आणि वाटेतल्या शेतकऱ्यांचे फोन नंबर, की फोन करून विचारायचं बाबा रे तुमच्याकडे आभाळ कसंय. अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजायचं यंत्र घेऊन टेकड्या चढून उंच्या मोजल्या त्याने. बाकीचे वैमानिक मागायला लागले तेव्हा १९३४ पासून दहा डॉलरला प्रती विकायला लागला. विकायला लागला, बरोबर केलं, मेहनत होती. पण दहा डॉलर दिले की वही तुमची. शेजाऱ्याला दाखवा, पोराला द्या, समासात लिहा. आज जगातले कितीतरी वैमानिक वापरतात ते नकाशे त्या वहीतून निघाले. आपलं बिजासनचं विमानतळ घ्या, १९३५ मध्ये होळकर सरकारने टाटांच्या नेव्हिल व्हिन्सेंटना विचारून जागा ठरवली, तोच व्हिन्सेंट ज्याने जेआरडींबरोबर १९३२ ची विमानाची टपालसेवा उभी केली. ही माणसं एकमेकांना सांगत सांगतच उडायला शिकली. उडण्याचं ज्ञान असंच वाढलंय.

आता काय आहे? विमानातल्या जीपीएसचा डेटा दर अठ्ठावीस दिवसांनी बदलतो, तो विकत घ्यायचा, आणि तो त्या एका डब्याच्या नंबरला बांधलेला. माझ्या ओळखीच्या एकाचा डबा जळाला. दुसरा बसवला, तर भरलेल्या वर्गणीचा डेटा त्यात चढेना, कारण नंबर वेगळा. विमान तेच, मालक तोच, आभाळ तेच. परत पैसे भरले त्याने, काय करणार!

हो, जुना डेटा घेऊन उडणं धोक्याचं आहे, आणि विमानाच्या यंत्रात कुणीही उठून सॉफ्टवेअर घालू नये, मान्य. त्यासाठी लायसन्सवाले इंजिनिअर आहेत, डीजीसीए आहे. पण हे कुलूप सुरक्षेसाठी लावलेलं नाही, वसुलीसाठी लावलंय. सुरक्षेचं नाव मध्ये आणू नका. सुरक्षेचंच बोलायचं तर बारीक अक्षरातल्या त्या माणसाने माझी जास्त काळजी घेतली.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडणंच बेकायदा करून टाकलं, हेतू हक्कभंगाचा नसला तरी. मग दर तीन वर्षांनी लोकांनी रांग लावून सूट मागायची. २०१५ ला मोटारी आणि ट्रॅक्टरला दुरुस्तीपुरती मिळाली, २०२१ ला बोटींना, २०२४ ला दुकानातल्या खाद्यपदार्थांच्या मशिनींना, म्हणजे आइस्क्रीमचं मशीनसुद्धा आलं. वाहनांच्या त्या सवलतीत जमिनीवरची वाहनं आहेत, पाण्यावरची आहेत, विमान नाही. पोलंडमध्ये तर २०२३ ला उघड झालं की काही रेल्वेगाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच असं घातलं होतं की दुसऱ्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला नेली की गाडी बंद पडायची. धारच्या त्या मुलीच्या वडिलांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, भिया, अपने यहां भी नए ट्रॅक्टर में यही होने वाला है. त्यांना मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

आपला कायदा त्या मानाने शहाणा आहे, हे मला खरंच अभिमानाने सांगायचंय. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५अ आलं, त्यात कुलूप तोडणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर तो गुन्हा नाही. कागदावर किती छान! पण दवा बाजारातला माणूस ते कुलूप तोडणार कसा? आणि कंपनीने सर्व्हरच बंद केला तर तोडायला उरतं काय? ग्राहक मंत्रालयाने २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काची समिती नेमली, शेतीची यंत्रं, मोबाईल, घरातली उपकरणं, गाड्या, हे चार विषय घेतले. चांगलं केलं. विकत घेतलेलं पुस्तक का नाही घेतलं? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांची पुस्तकं गेली, निदान पैसे तरी परत दिले. २०२५ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनने किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून केबलने टाकायची सोय काढून घेतली. आपण सगळे बघत बसलोय.

काही जण खाली लिहितीलच की लेखकांनी काय खायचं. लेखकांना पैसे मिळालेच पाहिजेत, त्यात वाद नाही. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात तेव्हा मी भांडून ग्रुप सोडलेले आहेत, कितीजण साक्षीदार आहेत इथे. पण फुकट्याच्या पीडीएफला कुलूप नसतं हो! कुलूप फक्त माझ्यासारख्याला, ज्याने पैसे भरले. शेजारणीला वाटीभर विरजण द्यायला कुणी दूधवाल्याची परवानगी मागतं का?

राइट बंधूंचंही बघा, माझ्यासाठी ती माणसं देवासारखी, पण १९०६ ला पेटंट मिळालं आणि पुढची कितीतरी वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली. शेवटी १९१७ ला महायुद्धात सरकारने दडपण आणलं तेव्हा अमेरिकेतल्या कंपन्यांनी पेटंटं एकत्र ठेवली. तोवर युरोप पुढे निघून गेला होता. पेटंट वेगळं, कॉपीराइट वेगळा, ठाऊक आहे मला. वृत्ती तीच.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. खरं तर राग त्या कंपनीवर कमी आणि या गोष्टीवर जास्त आहे की एका शिकणाऱ्या पोरीला मला नाही म्हणावं लागलं. सरांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही. त्यांची वही आता त्यांच्या मुलाकडे आहे, माझी उतरवलेली प्रत माझ्याकडे. आज संध्याकाळी तिला तीच देऊन आलो. त्यातल्या बऱ्याच नोंदी आता जुन्या झाल्यात, तारा बदलल्या, फाटकांच्या किल्ल्या कुणाकडे असतील देव जाणे, ते तिला नीट बजावून सांगितलं, उडायला एएआयची, म्हणजे विमानतळ प्राधिकरणाची ताजी माहितीच बघायची. पण पेपरसाठी लागतं ते नॅव्हिगेशनचं पुस्तक त्यात नाही ना!

म्हणून मदत हवीये. इंदूर, महू, देवास, उज्जैन, भोपाळ, कुणाच्याही घरी एअर नॅव्हिगेशन, हवामान, इंजिन, कशाचीही कागदी जुनी पुस्तकं असतील, कुणाचे वडील, आजोबा, मामा एअरफोर्सला किंवा फ्लाइंग क्लबात असतील, तर रद्दीत घालू नका. मेसेज करा, मी गाडी घेऊन येतो. समासात लिहिलेलं असेल तर आधी ते मला पाहिजे. आणि ग्राहक हक्काचं काम करणारे इथे दोघं-तिघं वकील आहेत, तुम्ही ही पोस्ट वाचताय हे मला माहितीये, रविवारी सकाळी वेळ काढा. बटणावर "विकत घ्या" लिहायचं आणि नंतर परवाना म्हणायचं, यावर तक्रार होते की नाही ते मला समोरासमोर विचारायचंय, सगळी मेल आणि पावत्या प्रिंट काढून ठेवल्यात.