कमाटीबागेतलं म्युझियम खरंच कुणी बघत नाही?

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. म्हणे, मोबाईल आल्यापासून म्युझियम कुणी बघत नाही. कमाटीबागेत येणारे सुट्टीच्या गर्दीबरोबर आत शिरतात आणि कंटाळून बाहेर पडतात. इंटरनेटवरचं रेटिंगच बघा ना! मला यातलं काहीच पटत नाही.

मोबाईलचं आधी घेऊ. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने मार्च २०२१मध्ये आपल्या ४,८०,०००हून अधिक वस्तू इंटरनेटवर फुकट खुल्या केल्या. तरी २०२३मध्ये जवळपास ८९ लाख माणसं तिथे प्रत्यक्ष गेली. घरबसल्या दिसतं म्हणून लोक जायचे थांबत नाहीत.

सुट्टीची गर्दी खरी आहे, पण तो दोष कसा? सयाजीराव महाराजांनी १८७९मध्ये बाग लोकांसाठी खुली केली आणि म्युझियमही तिच्यातच उभारलं. फिरायला आलेल्या माणसाने सहज आत डोकवावं, याहून चांगलं काय?

आता कंटाळा. देवमाशाच्या सांगाड्यापाशी थोडा वेळ थांबा. १९४४मध्ये मही नदीच्या मुखाशी सापडलेला हा देवमासा. मुलं माना वर करून बघतात, ‘खरा आहे का?’ म्हणून आईला विचारतात, आणि तिला ओढत पुन्हा शेपटीकडे नेतात. ममीपाशीही तेच. ही कंटाळलेली मुलं नव्हेत. मोठी माणसं दमतात, आणि त्याचं कारण जुनं आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६मध्येच फोटोंसकट दाखवून दिलं की खालच्या कपाटातल्या वस्तू बघायला, माहितीच्या चिठ्ठ्या वाचायला माणसाला किती वाकावं-वळावं लागतं, आणि थकवा त्यातून येतो. कुठल्याही म्युझियममध्ये गुडघे दुखणाऱ्या आजींना बसायला बाक नसेल, तर त्या दुसऱ्या दालनातूनच परत फिरणार. त्याला रस नसणं म्हणायचं? मला हा आजींवर अन्याय वाटतो. बाक मागा, ठळक अक्षरं मागा, समजावून सांगणारा माणूस मागा.

राहिलं रेटिंग. लिहायला बसतो तो फार खूश झालेला, नाहीतर फार चिडलेला. बाकीचे गुपचूप घरी जातात. त्यांचं मत हवं असेल तर बाहेर पडणाऱ्यांना दारातच विचारा: कशापाशी थांबलात, काय कळलं नाही, पुन्हा कुणाला घेऊन याल?