शेळी, तहर आणि जयकर: काकांच्या कमेंटला उत्तर

काका (वय तुम्हीच लिहिलंत म्हणून काका म्हणतोय, राग नसावा), कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की मागच्या पोस्टमध्ये मी ओमानच्या अरबी तहरावर (कड्यांवर राहणारा, बकरीसारखा दिसणारा रानटी प्राणी) एवढं पाल्हाळ लावलं पण शेवटी ती बकरीच, आपल्या सिंहगडावरच्या शेळ्यापण कडे चढतात, तहराच्या शास्त्रीय नावातल्या डॉ. जयकरांचं नाव नुसतं मराठी म्हणून घुसडलंय आणि तहर कमी होण्याचं खापर मी गरीब शेळीवाल्यांवर फोडलंय.

आधी माझी चूक, जी तुमच्या नजरेतून सुटली. "पाण्यावाचून महिनोनमहिने राहतो" असं मी ठोकून दिलं होतं, ते साफ चूक आहे. उन्हाळ्यात तहराला दर दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं आणि त्यासाठी कडा सोडून खाली उतरावं लागतं.

आता सिंहगड. गेल्या रविवारी पायवाटेने चढताना एका ताकवाल्या मावशींनी शेळीचा पाय मांडीवर घेऊन काटा काढायला घेतला होता, मी धरायला बसलो तेव्हा खुराला हात लावून बघितला. कडेला नखासारखी टणक कड आणि आत दाबलं की दबणारी गादी, म्हणजे कडेने खाच पकडायची आणि गादीने दगडाला चिकटायचं. तहराच्या खुराचीही हीच गंमत आहे. म्हणजे शेळी कडा चढते हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण काका, तोच तर तहराचा प्रॉब्लेम आहे ना! ओमानच्या 'हजर' नावाच्या डोंगररांगेत मोकळ्या सोडलेल्या शेळ्या, त्यातल्या काही तर पार रानटी झालेल्या, तहर जिथे चरतो तिथपर्यंत पोचतात, तेच गवत, तीच झुडपं आणि उन्हाळ्यात तोच पाणवठा, वर शेळीला बऱ्याचदा जुळी होतात आणि तहराला सहसा एकच पिल्लू. गाई असत्या तर खालीच राहिल्या असत्या. यात शेळीवाल्याला शिव्या कुठे घातल्या मी? शिकार आहे, रस्ते आहेत, ते पण लिहिलंच होतं. ओमानमधल्या वादी सरीनला १९७०च्या दशकापासून राखीव क्षेत्र आहे तरी हा प्राणी अजून धोक्यातच आहे, आणि ओमान आणि अमिराती सोडून जगात कुठेच नाही.

"बकरीच" म्हणाल तर तेही नाही. जनुकं तपासल्यावर तो उत्तर आफ्रिकेतल्या औदाद मेंढीच्या जवळचा निघाला, आपला निलगिरी तहर मेंढ्यांच्या जवळचा, आणि हिमालयातला तेवढा बकऱ्यांच्या घरचा. आडनाव एक, घरं तीन! म्हणून २००५ मध्ये अरबी तहराला अरबीट्रॅगस हा वेगळा वंश (शास्त्रीय नावातला पहिला शब्द, जीनस) मिळाला.

राहिले जयकर. आत्माराम सदाशिव जयकर, भारतीय वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, मस्कतला पोस्टिंग, पेशंट बघता बघता मासे, सरडे, साप जमवून लंडनच्या म्युझियमला पाठवायचे. तिथल्या ओल्डफिल्ड थॉमसने १८९४ मध्ये तहराच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द ठेवला 'जयकरी'. वंश बदलला तेव्हाही ते नाव तसंच राहिलं. एक वाळूत दडणारा साप, एक सरडा आणि एक समुद्रघोडाही त्यांच्याच नावाचा आहे, त्यामुळे मी घुसडायचा प्रश्नच नाही, इंग्रजांनीच घुसडलंय :)

पाण्याची ओळ आज रात्री दुरुस्त करतो. जयकरांची राहू देतो.