निनावी फॉर्म कसा बनवावा

तुमची ऑनलाइन सेवा आहे आणि युजरची प्रायव्हसी जपतोय असं नुसतं दिसायला हवंय? मग मला विचारा. परवाच एका ठिकाणी अकाउंट बंद करताना "संपूर्णपणे निनावी" फीडबॅक भरून आलोय.

आधी फॉर्मच्या डोक्यावर एक कुलपाचं चित्र टाका. निम्मं काम तिथेच होतं.

मग नावाची चौकट उडवा. जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग मात्र राहू द्या, वर लाल चांदणी लावून, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. एवढ्यावरून कोण कुणाला ओळखतंय! आता लतान्या स्वीनी नावाच्या संशोधक बाईंनी २००० साली हिशोब मांडला की या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक बहुधा एकमेव ठरतात, आणि त्याआधी नावं काढलेला हॉस्पिटलचा डेटा मतदारयादीशी जुळवून त्यांनी खुद्द मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची फाइल शोधून काढली होती, पण जाऊ द्या, तुमच्याकडे कुठे गव्हर्नर येतायत.

कुणी शहाणा "मोजलंत का?" म्हणाला तर के-ॲनॉनिमिटी म्हणा. के पाच, म्हणजे प्रत्येक जण निदान पाच सारख्या नोंदींत लपलेला. त्या पाचही जणांनी "सर्व्हिस भिकार" असंच लिहिलं असेल तर कोण ते शोधायची गरजच उरत नाही, हे मात्र सांगू नका.

डिफरन्शियल प्रायव्हसी, म्हणजे आकड्यांत मुद्दाम थोडा गोंधळ मिसळून एकेकाचं उत्तर झाकायची पद्धत, वापरतो म्हणा, एप्सिलॉन, म्हणजे तो गोंधळ किती हे ठरवणारा आकडा, किती ते विचारलं की मीटिंगला जा.

ब्राउझरचा ठसा घ्या, म्हणजे त्याच्या सेटिंग्जवरून पटणारी ओळख, कुकीला नाही म्हटलं तरी तो मिळतो. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या अमेरिकन संस्थेने २०१० मध्ये तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेव निघाले होते, तेव्हा फॉन्ट आणि प्लगइनच्या याद्यासुद्धा चुगली करायच्या.

आणि लिंक! लिंक प्रत्येकाला वेगळी पाठवा. माझ्या लिंकला ही लांबलचक अक्षरांची शेपूट होती, मी म्हटलं असेल काहीतरी टेक्निकल, अर्धा फॉर्म भरून सोडला तर संध्याकाळी मेल, "तुमचा निनावी अभिप्राय अपूर्ण आहे". माझा? निनावी? बरं, तरी मूर्खासारखा पूर्ण भरला, मनात होतं ते सगळं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "सर, तुम्ही आमच्या सपोर्ट टीमबद्दल जे लिहिलंय त्याबद्दल बोलायचं होतं". नाव घेऊन! वर विचारतो कसा, "आता वेळ आहे का?"

अरे, लाज वाटत नाही का? नाव खोडलं म्हणजे माणूस निनावी होत नाही, तो किती जणांत मिसळलाय ते बघायचं असतं, आणि तुमच्या त्या शेपटीवाल्या लिंकमागे मी एकटाच होतो. तुम्हाला ते माहीत होतं. लिंक तुम्हीच बनवलीत. "उत्तर कुणाचं ते आम्हाला कळेल" एवढी एक ओळ लिहायला काय जड होतं? मी तेच लिहिलं असतं, फक्त दोन शब्द गाळून. खोटं कशाला बोललात?

आणि ते अकाउंट अजून चालूच आहे, ते बंद करा आधी.