आपल्या पैशाचं विद्यापीठ

गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला सकाळी उठले तर फोनवर दादाचे तीन मिस्ड कॉल. तारीख २१ सप्टेंबर. आमच्याकडे, म्हणजे फ्लोरिडात, शनिवारची मध्यरात्र उलटली तसा ट्रम्प सरकारचा नवा नियम लागू झाला होता: बाहेरच्या देशातून नवा माणूस एच-१बी व्हिसावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या व्हिसावर, आणायचा तर नेमणूक करणाऱ्यानं सरकारला एक लाख डॉलर भरायचे. त्या वेळच्या भावानं ८८ लाख रुपये. दादाला ही बातमी वरुडमध्ये पितरांचं पान वाढता वाढता कळली.

"काय बाई, आता तं वापस या लागते तुमाले?"

आवाजात काळजी होती, पण तिच्या खाली थोडी आशाही होती. माझं ग्रीन कार्ड झालंय हे त्याला दहादा सांगून झालंय. तरी अमेरिकेत काही खुट्ट वाजलं की त्याला वाटतं, आता ही येणार आणि बांधावरच्या खोलीत प्रयोगशाळा थाटणार. घरच्या ग्रुपवर तर दुपारपर्यंत दोन तट पडले होते. एक म्हणे, 'अमेरिका बुडणार', दुसरा म्हणे, 'बरं झालं, आपली हुशार पोरं आता घरी येतील'. घरी येऊन करतील काय, हे मात्र कुणी लिहिलं नाही.

मी कीटकशास्त्रज्ञ. मध्य फ्लोरिडाच्या संत्रा पट्ट्यात एका सरकारी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम करते. काम एका किड्यावर: सायला. वरुड-मोर्शीकडच्या बागाईतदाराला तो सांगावा लागत नाही. नव्या नवतीवर बसतो, रस शोषतो आणि ग्रीनिंग या झाडं संपवणाऱ्या रोगाचा जिवाणू झाडोझाडी पोचवतो. हा आपल्याच भागातला किडा फ्लोरिडात १९९८ साली सापडला, आणि २००५ मध्ये त्याच्या मागोमाग रोगही सापडला. २००३-०४ च्या हंगामात या राज्यात संत्र्याच्या २४ कोटींवर पेट्या निघाल्या होत्या. २०२४-२५ मध्ये निघाल्या सव्वा कोटीच्या आसपास. माझ्या घरापासून केंद्रापर्यंतच्या रस्त्यावर एके काळी दोन्ही बाजूंना बागा होत्या म्हणतात. आता एका बाजूला गोदामं आहेत, दुसऱ्या बाजूला नव्या घरांच्या जाहिराती.

या रोगावर काम करणाऱ्यांत भारतीय, चिनी आणि ब्राझीलचे लोक भरपूर, कारण हा आजार आमच्या देशांतही आहे. भारतीयांनी-चिन्यांनी तर तो लहानपणापासून पाहिलेला.

आता या जानेवारीत काय झालं ते सांगते. २७ तारखेला टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी आदेश काढला की राज्याच्या खात्यांनी आणि सरकारी विद्यापीठांनी ३१ मे २०२७ पर्यंत एच-१बीचे नवे अर्ज करायचे नाहीत, करायचेच तर राज्याच्या कामगार आयोगाची लेखी परवानगी घ्यायची. दोनच दिवसांनी फ्लोरिडाच्या १२ सरकारी विद्यापीठांवरच्या मंडळानं अशाच बंदीचा प्रस्ताव पुढे नेला, ५ जानेवारी २०२७ पर्यंतचा. त्याची वात गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी ऑक्टोबरातच पेटवली होती. त्यांचं म्हणणं, पात्र अमेरिकन उपलब्ध असताना विद्यापीठं परदेशी माणसं आयात करतात. जलतरणाच्या सहायक प्रशिक्षकापर्यंत उदाहरणं त्यांनी दिली.

विद्यापीठांवरच रोख का, तर त्यांना एक सवलत आहे. कंपन्यांसाठी एच-१बी वर्षाला ६५ हजार, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, आणि अर्जच इतके येतात की लॉटरी काढावी लागते. २००० सालच्या कायद्यानं विद्यापीठांना आणि ना-नफा संशोधन संस्थांना या मर्यादेतून बाहेर काढलं. लॉटरी नाही, एप्रिलची वाट बघणं नाही, वर्षभरात केव्हाही माणूस घ्या. राजकारण्याला हे मागचं दार दिसतं.

यावर आमच्या भारतीय मंडळींची प्रतिक्रिया ठरलेली: हे वंशद्वेषी आहेत, आम्ही नसलो तर यांच्या प्रयोगशाळांना कुलूप लागेल. पहिलं काही जणांच्या बाबतीत खरं आहे, दुसरं निम्मं खरं. पण डिसँटिस यांचं भाषण ऐकताना मला राग यायच्या आधी बाबांची आठवण आली.

बाबा विदर्भवादी. १९५३ चा नागपूर करार त्यांना कलमांसकट पाठ. सरकारी नोकऱ्यांत विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल असं त्यात लिहिलंय, आणि मग तहसीलपासून कृषी खात्यापर्यंत साहेब सारे घाटावरचेच का येतात, हा त्यांचा रोजचा प्रश्न. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ ला आम्हाला सुखासुखी मिळालेलं नाही. त्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, जीव गेले. त्या पिढीला ते विद्यापीठ फक्त शाळा-कॉलेज नव्हतं, वसूल केलेलं देणं होतं. बाबांचं वाक्य होतं, "आपल्या पैशाचं विद्यापीठ, मंग आपली पोरं काहून नाही?" डिसँटिस यांच्या टॅम्पातल्या व्यासपीठावरून तेच वाक्य इंग्रजीत आलं. बाबांच्या तोंडी ते मला न्याय्य वाटायचं, मग डिसँटिस यांच्या तोंडी नुसता द्वेष म्हणून कसं झटकू?

म्हणून त्या वाक्याला उत्तर देणं भाग आहे, आणि उत्तर देताना विद्यापीठांची बाजू घ्यायची तर त्यांची लबाडीही सांगितली पाहिजे.

२०१४ ची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधक, होते. एच-१बीचा अर्ज करण्याआधी कामाच्या जागी दोन ठिकाणी सूचना लावावी लागते, दहा दिवस, सगळ्यांना दिसेल अशी: पद कोणतं, पगार किती, तक्रार असेल तर कुठे करायची. आमच्याकडची एक सूचना कॉफी मशीनच्या वर पिनेनं टोचली होती. वर्षाला ४२ हजार डॉलर. माझं नाव त्यात नव्हतं, पण लॅबमध्ये आम्ही सहा जण, कळायचं राहतंय थोडंच. तिकडे बाबांनी ६० नं गुणून गावभर २५ लाख सांगितलेले. इकडे आमची जुनी टेक्निशियन, साठीला आलेली बाई, चष्मा कपाळावर सारून ती सूचना शेवटपर्यंत वाचत होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "पीएचडी करून एवढेच? माझा मुलगा या पैशात अर्जसुद्धा करणार नाही." तिच्या मुलानं जीवशास्त्रात मास्टर्स केलं होतं आणि तो औषधं विकत होता.

त्या बाईनं एका वाक्यात सांगितलं ते ना गव्हर्नर सांगतात, ना कुलगुरू. अमेरिकन अर्जदार मिळत नाही हे विद्यापीठाचं म्हणणं खरं. तो का मिळत नाही, हे ते सांगत नाहीत. व्हिसासाठी 'प्रचलित वेतन' द्यावं लागतं, पण १९९८ च्या कायद्यानुसार विद्यापीठांचं प्रचलित वेतन फक्त विद्यापीठांशी आणि तशाच संशोधन संस्थांशी ताडून ठरतं. सगळीच विद्यापीठं पोस्टडॉकला कमी देतात, म्हणून कमी हेच प्रचलित. मापही त्यांचंच आणि तराजूही त्यांचाच.

दुसरी गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. विद्यापीठाच्या एच-१बीवरून कंपनीत जायचं तर ती सवलत संपते आणि माणूस पुन्हा लॉटरीच्या रांगेत उभा राहतो. मला २०१६ ला एका कीटकनाशक कंपनीनं जवळजवळ दुप्पट पगार देऊ केला होता. दोन एप्रिल काढले, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. आमच्या प्रमुखांना मी मोठी निष्ठावान वाटत असे! अशी जागा न सोडणारी माणसं मिळाली की पगार वाढवायची घाई कुणाला असते? मग इथल्या पोरांनी त्या जागांकडे पाठ फिरवली तर दोष त्यांचा नाही, आणि आमचाही नाही.

तेव्हा स्वतःच्या तरुणांची काळजी असेल तर हे दोन खिळे काढा. पोस्टडॉकचा पगार बाहेरच्या बाजारभावाशी ताडा, आणि विद्यापीठात आलेल्याला चांगली नोकरी मिळाली तर जाऊ द्या. विद्यापीठं ओरडतील, पण ज्या जागा खरोखर गरजेच्या त्या टिकतील. सरसकट बंदीनं यातलं काहीच होत नाही. जलतरणाचा प्रशिक्षक आणि ग्रीनिंगवर वीस वर्षं काम केलेला जिवाणूशास्त्रज्ञ एकाच दावणीला बांधले जातात, जागा रिकामी राहते आणि पगार आहे तिथेच.

आणि एक. याच राज्यात संत्री तोडायला दर हंगामाला मेक्सिकोतून मजूर येतात, एच-२ए व्हिसावर. त्याला वरची मर्यादाच नाही. तो व्हिसा सर्वाधिक वापरणाऱ्या राज्यांत फ्लोरिडा आहे. झाडावर चढणारा परदेशी चालतो, झाडाला काय झालंय ते सांगणारा खुपतो. बागाईतदारांना यातला विनोद कळतो, पण ते मतदानाच्या दिवशी हसत नाहीत.

इथे मला कलमाची उपमा सुचते: जंबेरीचा खुंट गावचा, डोळा बाहेरचा. पण ती फारच गोड आहे, राहू द्या. त्यापेक्षा बाबांचं काय झालं ते सांगते. एमएस्सीच्या वेळी मी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संस्थेत शिकायला जात असे. ती संस्था केंद्राची, शास्त्रज्ञ देशभरातून निवडलेले. माझे सर आंध्रचे. एकदा आंबिया बहाराची फळगळ बघायला ते आमच्या बागेत आले. मराठी मोडकीतोडकी, हिंदी त्याहून. त्यांनी एक कोवळी फांदी वाकवली, खिशातून भिंग काढलं आणि बाबांच्या डोळ्याशी धरलं. पिवळट पिल्लं, प्रत्येकाच्या मागे मेणाची बारीक शेपटी. तीस वर्षं बाग केलेल्या बाबांनी ती पहिल्यांदा पाहिली. नागपूर करार त्या दिवशी निघाला नाही. सर निघाले तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "पुन्हा कधी येता?"

आता 'घरी या' म्हणणाऱ्यांचं. माझा भाचा, ताईचा मुलगा, अकोल्याहून पीएचडी झालाय. एका खाजगी कृषी महाविद्यालयात तो तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे तास झाला तर पैसे, दिवाळीची सुट्टी पडली तर नाही. सरकारी जागा रिकाम्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, त्या भरल्या जात नाहीत हेही. आमच्या शेजारच्या एका लॅबला तो हवा होता, मागच्या उन्हाळ्यात दोन मुलाखतीही झाल्या. सप्टेंबरात एक लाख डॉलरची अट आली. विद्यापीठांना लॉटरीतून सूट असली तरी या रकमेतून नाही. जानेवारीत बंदीचा प्रस्ताव आला. प्रोफेसरांनी मला बोलावून 'सॉरी' म्हटलं, जणू मीच नापास झाले होते.

ही जागा त्याच्याऐवजी एखाद्या अमेरिकन मुलीला मिळाली असती तर मला वाईट वाटलं असतं, पण बाबांच्या वाक्याला धरून मी गप्प बसले असते. ती कुणालाच मिळालेली नाही. त्या टेबलावर आता सायलाच्या पिंजऱ्यांचे जुने खोके रचून ठेवलेत.

रविवारी भाच्याचा फोन आला. दादाला वाटतंय तसा तो काही बांधावर परत निघालेला नाही. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात ग्रीनिंगवर मोठं काम चालतं, तिकडे त्यानं अर्ज टाकलाय. पोर्तुगीज शिकायचं अ‍ॅपही घेतलंय.

"मावशी, संत्र्याला तिकडे लारांजा म्हणतात," तो म्हणाला. "आणि सायलाला काय म्हणतात, ते तुला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. सोमवारी केंद्रातल्या ब्राझीलच्या सहकाऱ्याला विचारायला गेले. त्याच्या व्हिसाची मुदत ऑगस्टपर्यंत आहे. तो कॅलेंडरात त्याच महिन्यावर बोट ठेवून बसला होता.